कुणाच्या हुकमानं?

आमच्या सरांच्या गळ्यात शिट्टी असायची. खेळाच्या शिक्षकांच्या गळ्यात असते तशीच, काळ्या दोरीत ओवलेली. सर मात्र मानसशास्त्राचे. किडकिडीत अंगकाठी, खांद्यावरून कायम एका बाजूला घसरलेला सदरा, पायात बंद तुटत आलेल्या सँडल आणि आवाज असा, की एवढ्या माणसात तो मावतो कुठं असा प्रश्न पडावा. शिट्टी ते वाजवत नसत. विभागाच्या कॉरिडॉरमधून जाताना नुसती बोटांत धरत. तेवढ्यावर दोन्ही बाजूंची पोरंपोरी बोलणं थांबवून भिंतीला चिकटायची. मग सर थबकून आनंदानं विचारायचे, "कुणाच्या हुकमानं?"

हे त्यांचं पालुपद होतं. दारात उभं राहून कुणी "सर, आत येऊ?" म्हटलं की आतून आवाज यायचा, "कुणाच्या हुकमानं?" एकदा आमच्यातल्या एका मैत्रिणीच्या लग्नाला ते आले होते. भटजींनी माइकवरून "सावधान" म्हटलं आणि सगळा मांडव अक्षता मुठीत धरून उभा राहिला. सर बसूनच होते. त्यांनी शेजारच्या फेटेवाल्या पाहुण्याचा सदरा ओढून विचारलं, "तुम्ही कुणाच्या हुकमानं उभे राहिलात?" त्या भल्या माणसानं घाबरून भटजींकडं बोट केलं. पुढची सगळी मंगलाष्टकं सर स्वतःशीच हसत होते आणि त्या पाहुण्यानं जेवायला दुसरी पंगत धरली.

माणसं दुसऱ्याचं का ऐकतात, या एकाच प्रश्नामागं सरांनी उभा जन्म घातला होता. "माझा विषय सोपा आहे," ते म्हणायचे. "एक माणूस सांगतो, दुसरा करतो. मधे काय होतं?" प्रश्न विचारून ते उत्तराची वाट बघायचे नाहीत, कारण उत्तर त्यांच्या खिशात असायचं. भीती. वर्दीची भीती, खुर्चीची भीती, चढ्या आवाजाची भीती. "वरून कुणी आदर म्हणंल, कुणी शिस्त म्हणंल. खरवडलं की खाली भीतीच निघते." निजामाच्या काळापासून आपल्याकडं 'तामील', म्हणजे हुकमाची बजावणी, हा शब्द मुरलाय, असंही ते सांगायचे आणि तो शब्द असा काही उच्चारायचे की आम्ही नकळत ताठ बसायचो.

त्यांच्या खोलीबाहेर एक खुर्ची होती. चांगली भरभक्कम, हाताची, गादी असलेली. तिच्यावर सरांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी टेकवून ठेवली होती: 'या खुर्चीवर बसू नये'. का बसू नये ते लिहिलं नव्हतं. बाहेर ताटकळणारे विद्यार्थी, फीसाठी आलेले पालक, नव्यानं आलेले विभागप्रमुख, सगळे त्या खुर्चीशेजारी उभे राहायचे. कुणी विचारलं नाही. सफाईवाल्या मावशी खुर्ची पुसायच्या आणि पाटी होती तशी ठेवायच्या. सर दाराच्या फटीतून बघायचे आणि खुशीत हातावर हात चोळायचे.

एकदा माझे वडील वैजापूरहून मला भेटायला आले. तिथल्या बाजार समितीत ते कांद्याच्या लिलावात बोली पुकारतात. जन्म उभ्यानं गेलेला माणूस, तरी एसटीतून उतरून विभागाचे जिने चढेपर्यंत त्यांचे गुडघे बोलायला लागले होते. त्यांनी पाटी उचलून अलगद भिंतीला टेकवली आणि खुर्चीत बसून टोपीनं वारा घेऊ लागले. सर खोलीतून अक्षरशः धावत बाहेर आले. त्यांनी वडिलांचे दोन्ही हात हातात घेतले.

"तुम्ही बसलात! का बसलात?"

वडील गडबडून उठायला लागले. "गुडघे दुखायलेत सर, म्हणून जरा..."

"नाही नाही, उठू नका! पाटी होती ना? तरी बसलात. मला फक्त एवढंच सांगा, त्या क्षणी मनात काय आलं?"

"पाटी व्हय?" वडिलांनी भिंतीकडं डोळे बारीक करून पाहिलं. "काय लिवलंय तिच्यावर? चष्मा पिशवीत हाय माझा."

सर एकदम विझले. वडिलांनी पिशवीतून चष्मा काढला, पाटी वाचली आणि जीभ चावून उभे राहिले. पुढं चहा येईपर्यंत ते उभेच होते आणि त्यांना परत बसवायला सरांना विनवण्या कराव्या लागल्या.

मी सरांकडं पीएच.डी.ला लागले त्या दिवशी त्यांनी मला अट घातली. "प्रबंध चांगला वाईट कसाही लिही. पण माझ्याकडून सही घ्यायची असंल तर त्याआधी एकदा मला नाही म्हणायचं. मनापासून." मी म्हटलं, हो सर. त्यांनी कपाळावर हात मारला.

आता हे बाहेरच्याला विचित्र वाटेल, पण गाइडला नाही म्हणणं ही आमच्याकडं फार अवघड गोष्ट आहे. विभागात रिवाजच पडलेला. एका मॅडमच्या विद्यार्थिनी त्यांच्या दिवाळीच्या करंज्या करायच्या. दुसऱ्या एका सरांचा विद्यार्थी त्यांच्या मुलाला शिकवणीला सोडायचा, आणायचा आणि वर त्याचा गृहपाठही करायचा. आमच्या सरांना या रिवाजाची चीड होती आणि ती ते आमच्यावर नाही नाही ते हुकूम सोडून काढायचे. कधीतरी पोरगी बिथरेल आणि नाही म्हणेल, ही आशा. एकदा घरी बोलावून त्यांनी माझ्यापुढं मोसंब्यांची टोपली ठेवली. "सगळी सोल आणि फोडी परत सालात भरून ठेव." मी सोलली. भरून ठेवली. फुटलेल्या साली दोऱ्यानं बांधल्यासुद्धा.

"अगं, हे कशाला केलंस?" सर जवळजवळ रडकुंडीला आले होते. "नाही म्हणायचं की!"

"नाही, सर."

"हे मी म्हण म्हणालो म्हणून म्हणालीस. बाद!"

त्यांच्या घरी माझं जाणं येणं वाढलं ते असं. काकू बँकेतून निवृत्त झालेल्या, शांत, हसऱ्या. त्या कुणाला काही फर्मावत नसत. सकाळी सर अंघोळ करून आले की त्या कारल्याच्या रसाचा ग्लास त्यांच्यापुढं ठेवायच्या, गच्च हिरवा, वर फेस आलेला. सर तो एका दमात संपवायचे, ओठ पुसून "वा!" म्हणायचे आणि काकू आत गेल्या की भिंतीकडं तोंड करून चेहरा असा वाकडा करायचे की मला हसू आवरायचं नाही. "इतका कडू लागतो तर सांगा ना काकूंना," मी एकदा म्हणाले. "छे छे," ते कुजबुजले. "एवढ्या हौसेनं करते ती." मग एक दिवस स्वयंपाकघरात काकू कारली किसत होत्या. हिरवीगार झालेली बोटं मला दाखवून म्हणाल्या, "वीट आलाय बघ ह्या कारल्याचा. पण ह्यांना इतका आवडतो, बंद कसा करणार?" मी दोघांनाही काही बोलले नाही. उगीच कुणाचं मन कशाला मोडायचं, असं मला वाटलं. तेव्हा त्या वाटण्याकडं मी लक्ष दिलं नाही.

प्रबंधासाठी आम्ही क्रांती चौकाच्या जवळच्या एका बागेत प्रयोग लावला. बागवाल्यांची परवानगी घेऊन फिरायच्या वाटेवर मधोमध खडूची रेघ मारायची. खाकी शर्ट, टोपी, शिट्टी घातलेला माणूस तिथं उभा करायचा. त्यानं येणाऱ्या जाणाऱ्यांना रेघेच्या डावीकडून चालायला सांगायचं. कारण विचारलं तर सांगायचं नाही. पुढच्या वळणावर बाकावर मी बसलेली. लोकांना थांबवून खरं काय ते सांगायचं आणि विचारायचं, तुम्ही का ऐकलंत?

पहिले काही दिवस टोपी सरांनीच घातली. ते डरकाळी फोडायचे आणि लोक गुपचूप डावीकडं व्हायचे. एक खराखुरा ट्रॅफिक हवालदार पाणी प्यायला बागेत आला, तोही डावीकडून गेला आणि येताना परत डावीकडून आला. त्या दिवशी सरांनी सगळ्यांना भजी खाऊ घातली.

पण सरांचा घसा बसला आणि टोपी माझ्याबरोबर संशोधन करणाऱ्या एका मित्राकडं आली. हा शेंद्र्याचा. घरची थोडी शेती, स्वतः रात्रपाळीला कारखान्यात आणि दिवसा आमच्याकडं. सरांनी त्याला त्याच्या मिशा बघून निवडला होता. दिसायला मोठा दांडगा. मात्र तोंड उघडलं की सगळा डौल उतरायचा.

"माउली, जरा हिकडून चला ना," तो म्हणायचा. "लई उपकार होतील."

"उपकार कसले!" सर झाडामागून घोगऱ्या आवाजात ओरडायचे. "दरडाव!"

"नाय जमत सर. समोर म्हातारं माणूस यायलंय."

गंमत अशी की त्याचंही सगळे ऐकत होते. सर म्हणाले, टोपीचा महिमा. शिट्टीचा महिमा. त्याच सुमाराला बाकावर माझ्याशेजारी एक निवृत्त फौजदार येऊन बसले. पांढरी दाढी नीट कोरलेली, हातात काठी. मी त्यांना प्रयोगाचं सांगितलं तर ते खो खो हसले.

"टोपी खोटी हाय हे मला फाटकातूनच कळलं," ते म्हणाले. "पट्ट्याचं बक्कल उलटं लावलंय त्यानं. जिंदगी गेली माझी वर्दीत."

"मग तुम्ही डावीकडून का गेलात?"

"अगं, उन्हात उभं हाय लेकरू. किती अदबीनं सांगायलंय. त्याला काय हट म्हणायचं? कशाला कुणाचं मन मोडायचं?"

माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. दुसऱ्या दिवशी मी मित्राला म्हटलं, टोपी काढ, शिट्टी काढ, खाकी शर्टही नको. घरचा चौकड्याचा शर्ट घालून उभा राहा. तो बिचारा आणखीच संकोचला, कानापर्यंत लाल झाला आणि "माउली, जरा हिकडून" असं पुटपुटत राहिला. आणि लोक डावीकडून जात राहिले. मी प्रत्येकाला विचारत होते. "त्याला वाईट वाटलं असतं." "नाही कसं म्हणायचं हो तोंडावर?" "आपलं काय जातंय?" भीती वाटली असं टोपी नसताना कुणीच म्हणेना.

मी प्रबंधात एक नवं प्रकरण लिहिलं. त्याला नाव दिलं 'भीड'. आपल्याकडं माणूस घाबरून ऐकतो तसा भिडेखातरही ऐकतो, आणि हे दुसरं ऐकणं कुणी हुकूम न करताही होतं, असं मी त्यात मांडलं. लिहिताना मला इतका आनंद झाला की मी वडिलांना फोन करून सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ह्ये तर खरं हाय. पण आता लवकर आटप बाई." त्यांची घाई बरोबर होती. वैजापूरच्या एका कॉलेजात माझी निवड झाली होती, पण प्रबंध दाखल केल्याचं दाखवल्याशिवाय ते मला रुजू करून घेणार नव्हते. विद्यापीठाकडून मिळालेली मुदतवाढ शेवटची होती. ती चुकली तर नोकरीही गेली आणि इतक्या वर्षांचं कामही पाण्यात. राहिली होती फक्त सरांची सही.

सरांनी ते प्रकरण माझ्यासमोर वाचलं. वाचता वाचता त्यांचा हात शिट्टीवर गेला आणि तिथंच राहिला. शेवटी त्यांनी पानं मिटवली.

"हे काढून टाक," ते म्हणाले.

मी हसले. मला वाटलं, मोसंब्यांसारखंच आणखी एक. पण सर हसत नव्हते.

"मी आयुष्यभर भीती शिकवलीय. आणि माझीच विद्यार्थिनी लिहिणार, की माणसं कुणाचं मन मोडू नये म्हणून ऐकतात? भीड! हा काय शास्त्राचा शब्द आहे? काढ हे. बाकी प्रबंध चांगला आहे, आत्ता सही करतो."

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यामुळं मला जास्त वाईट वाटलं. समोर सही होती, नोकरी होती, वडिलांचा फोन होता. काढते म्हणाले असते तर संध्याकाळी घरी पेढे गेले असते. पण तोंडातून जे निघालं ते निघालं.

"नाही, सर."

"काय?"

"नाही काढणार. ते खरं आहे."

"कशावरून खरं आहे?"

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, म्हणून बोलू नये ते बोलून गेले. "सर, तुम्ही काकूंना घाबरता का?"

"अजिबात नाही."

"मग कारल्याचा रस कुणाच्या हुकमानं पिता?"

सरांनी प्रबंध माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाले, "घरी जा."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. सरांचा फोन नाही, मेसेज नाही. शेंद्र्याचा मित्र मला धीर द्यायला यायचा आणि स्वतःच उसासे टाकत बसायचा. "मी दरडावलो असतो तर हे झालंच नसतं," असं त्याचं म्हणणं. वडील रोज विचारायचे आणि मी रोज विषय बदलायचे. गाइड बदलायला वेळ नव्हता. प्रकरण काढून टाकावं असं दिवसातून कितीदा तरी वाटायचं. मी कॉम्प्युटर उघडायचे, पानांकडं बघायचे आणि परत बंद करायचे.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी सरांचा फोन आला. "प्रबंध घेऊन घरी ये," एवढंच.

मी गेले तेव्हा ते नुकतेच अंघोळ करून ओसरीत बसले होते. त्यांनी प्रबंध घेतला आणि आधी ते प्रकरण आहे का ते पाहिलं.

"नाही काढलंस."

"नाही, सर."

"त्या दिवशी मी खरंच चिडलो होतो. प्रयोग नव्हता तो."

"माहीत आहे."

"म्हणजे अट पूर्ण झाली. त्याच दिवशी झाली. राग जायला वेळ लागला." त्यांनी पान उलटलं. "पण पटलेलं नाही मला अजून. जे पटलं नाही त्यावर सही कशी करू?"

मी घड्याळाकडं बघितलं. विद्यापीठाची खिडकी दुपारी बंद होणार होती. तेवढ्यात काकू आतून आल्या आणि त्यांनी हिरवा ग्लास सरांपुढं ठेवला. सरांनी ग्लासकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग काकूंकडं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. लग्नात सगळा मांडव उभा असताना एकटा बसून राहणारा हा माणूस त्या क्षणी मला फार केविलवाणा दिसला.

"मला नको," सर म्हणाले.

"का? बरं नाही का?"

"मला आवडत नाही. कधीच आवडला नव्हता."

काकू बघतच राहिल्या. "मग इतकी वर्षं 'वा' कशाला म्हणत होतात?"

"तू एवढ्या हौसेनं करायचीस."

"हौस?" काकूंनी हाताची बोटं त्यांच्या नाकापुढं नाचवली. "कारली किसायची कुणाला हौस असते? तुम्हाला आवडतो म्हणून करत होते मी!" आणि मग त्यांना हसू फुटलं. सर आधी खजील झाले, मग तेही हसायला लागले. दोघं एकमेकांकडं बघून हसत होते आणि मी प्रबंध मांडीवर घेऊन बसले होते.

हसणं ओसरल्यावर काकूंचं लक्ष ग्लासकडं गेलं. त्यांनी तो उचलला. काठोकाठ भरलेला, फेस अजून बसला नव्हता. त्या मोरीकडं वळल्या, परत थांबल्या. "पहाटे उठून केला होता," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आता ह्याचं काय करू?"

त्या मला काही म्हणाल्या नाहीत. माझ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. माझाच हात पुढं झाला. मी ग्लास घेतला आणि एका दमात संपवला. जीभ, घसा, कान, सगळं कडू झालं. डोळ्यांत पाणी आलं. मी ओठ पुसले आणि म्हणाले, "छान झालाय, काकू."

काकूंचा चेहरा उजळला. सर टक लावून माझ्याकडं बघत होते. त्यांनी खूप हळू विचारलं, "कुणाच्या हुकमानं?"

मी रिकामा ग्लास काकूंकडं दिला.

सरांनी माझ्या मांडीवरचा प्रबंध ओढून घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि सही केली.

आता मी वैजापूरला शिकवते. सर निवृत्त झालेत. निरोपाला विभागानं त्यांना ती पाटीवाली खुर्चीच दिली. ती ओसरीत आहे आणि काकू पाटी काढून तिच्यावर भाजीची पिशवी ठेवतात. सुट्टीला गेले की मी सकाळीच सरांकडं जाते. सर चहा पीत बसलेले असतात, दूध जास्त घातलेला, आलं ठेचून टाकलेला. मला बघितलं की काकू लगबगीनं आत जातात आणि थोड्या वेळानं फेसाळलेला हिरवा ग्लास घेऊन येतात. "तुझ्यासाठी खास," त्या म्हणतात. "ह्यांना आवडत नाही, पण तुला फार आवडतो ना?"

सर कपावरून माझ्याकडं बघतात आणि भुवया उंचावतात. काय विचारायचंय ते मला माहीत असतं. मी ग्लास तोंडाला लावते.